दिनमानाकडे न पाहणारे झाड : स्वयंपुष्पी भांगेविषयीच्या वादाचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

भांग, गांजा आणि चरस हे तीन पदार्थ एकाच झाडाची पाने, फुले आणि राळ यांपासून मिळतात, आणि वनस्पतिशास्त्रात त्या झाडाच्या वंशाला कॅनाबिस असे नाव आहे. या वंशातील बहुतेक वाण दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलावर येतात. परंतु गेल्या पंचवीसेक वर्षांत कॅनडा, नेदरलँड्स, स्पेन, जर्मनी या देशांतील हौशी बागकाम करणाऱ्यांमध्ये असा एक प्रकार रूढ झाला आहे की जो बी रुजल्यापासून ठरावीक आठवडे लोटले म्हणजे दिवस मोठा असो वा लहान, आपोआप फुलतो. इंग्रजीतून आलेल्या ‘ऑटोफ्लॉवर’ या नावाने तो ओळखला जातो. या लेखात त्याला स्वयंपुष्पी असे म्हटले आहे. घराबाहेर, उघड्या आकाशाखाली, पहिल्यांदाच झाड लावणाऱ्याने हाच प्रकार निवडावा, असा सल्ला त्या देशांत सर्रास दिला जातो.

हा सल्ला वरवर पाहता केवळ बागकामाचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी तीन वेगवेगळ्या शास्त्रांतले अनिर्णीत वाद आहेत. हे झाड निराळ्या जातीचे आहे की एकाच जातीचे एक रूप, दिनमान न पाहण्याचा गुण त्यात कोठून आला, आणि झाडांची संख्या मोजणारा कायदा अशा लहान झाडाला अनुकूल आहे की प्रतिकूल, या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय हा सारा प्रश्न मुळात उत्तरेकडच्या अक्षांशांवर जन्मलेला आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाने आरंभीच ध्यानात ठेवलेली बरी.

फूल आणि दिनमान

पंचांगात रोज दिलेले दिनमान, म्हणजे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ, हे पुष्कळ वनस्पतींच्या दृष्टीने ऋतू ओळखण्याचे सर्वांत विश्वासार्ह साधन असते, कारण पाऊस लांबतो, थंडी मागेपुढे होते, पण दिनमान वर्षानुवर्षे त्याच तारखेला तेवढेच राहते. दिनमानानुसार फुलण्याच्या या गुणाला दीप्तिकालिता म्हणतात. तिच्या शोधाचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड या शास्त्रज्ञांना दिले जाते. त्यांनी 1920 मध्ये मेरीलँड मॅमथ नावाच्या तंबाखूवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र त्याच्या आठ वर्षे आधी, 1912 मध्ये, ज्युलियन तूर्न्वा या फ्रेंच संशोधकाने हॉपची वेल आणि भांगेचे झाड यांवर प्रयोग करून, प्रकाशाचा काळ कमी केल्यास ही झाडे लवकर फुलतात असे दाखवले होते. तूर्न्वा पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि त्याचे काम अर्धवट राहिले. म्हणजे दीप्तिकालितेच्या इतिहासात भांगेचे झाड तंबाखूच्याही आधी येते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांगितली जाते.

भांगेचे झाड लघुदिन वनस्पतींत मोडते. अशा वनस्पती प्रत्यक्षात दिवस नव्हे तर अखंड अंधाराचा काळ मोजतात, आणि रात्र एका ठरावीक मर्यादेपेक्षा लांब झाली की फुलण्याची प्रक्रिया सुरू करतात. ही मर्यादा वाणावाणानुसार बदलते; समशीतोष्ण प्रदेशातल्या पुष्कळ वाणांत दिनमान 14 तासांच्या आसपास उतरल्यावर फुले धरू लागतात, तर विषुववृत्ताजवळच्या वाणांना त्याहूनही लहान दिवस लागतो. बर्लिनमध्ये जूनच्या अखेरीस दिवस जवळजवळ 17 तासांचा असतो आणि तो 14 तासांवर येईपर्यंत ऑगस्ट सरत आलेला असतो. फुले पक्व होण्यास त्यानंतर दीड-दोन महिने लागतात, आणि तोवर तेथे पावसाळी, दमट, गार शरद ऋतू सुरू झालेला असतो. घट्ट, राळेने भरलेल्या फुलोऱ्यात अशा हवेत करडी बुरशी शिरते आणि काही दिवसांत आतून फूल कुजवते. उत्तर युरोपात उघड्यावर भांग लावणाऱ्याची खरी अडचण ही आहे, आणि स्वयंपुष्पी वाणांची सारी लोकप्रियता या एका अडचणीभोवती उभी राहिलेली आहे, कारण मे महिन्यात पेरलेले स्वयंपुष्पी झाड शरद ऋतू येण्यापूर्वी, ऐन उन्हाळ्यातच पक्व होते.

सारातोव्हची रानटी भांग आणि जातींचा वाद

कार्ल लिनीअसने 1753 मध्ये कॅनाबिस सॅटायव्हा या नावाने एकच जाती नोंदवली. ‘सॅटायव्हा’ म्हणजे पेरली जाणारी. भारतातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1785 मध्ये कॅनाबिस इंडिका ही दुसरी जाती वर्णिली आणि ती अधिक मादक असल्याचे नमूद केले. तिसरे नाव रशियातून आले. व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह येथील वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्हस्की याने तेथील उकिरड्यांवर, बांधांवर आणि पडीक जागी आपोआप उगवणाऱ्या ठेंगण्या भांगेचे 1924 मध्ये कॅनाबिस रुडेरॅलिस या नावाने वर्णन केले. लॅटिन भाषेत ‘रुडस’ म्हणजे पडझडीचा राडारोडा, आणि त्यावर उगवणारी ती रुडेरॅलिस. या झाडाचे बी लहान, ठिपकेदार आवरणाचे आणि पिकताच गळून पडणारे असते, तर पिकाच्या भांगेचे बी कणसासारखे फुलोऱ्यातच टिकते. बियांच्या देठाशी असलेल्या स्निग्ध गाठीकडे तांबडे ढेकूण आकर्षित होतात आणि त्यांच्याकरवी बी पसरते, असेही यानिशेव्हस्कीने नोंदवले. पिकांच्या उगमस्थानांचा सिद्धांत मांडणारा निकोलाय वाविलॉव याच सारातोव्हमध्ये प्राध्यापक होता आणि व्होल्गाकाठच्या या रानटी भांगेकडे त्याचेही लक्ष गेले होते. 1943 मध्ये त्याचा मृत्यू झाला तो सारातोव्हच्याच तुरुंगात.

जाती एक की तीन, हा वाद पुढे अनपेक्षितपणे न्यायालयात पोहोचला. अमेरिकेच्या कायद्यात बंदी ‘कॅनाबिस सॅटायव्हा एल.’ या नावाने घातलेली होती. त्यामुळे 1970 च्या दशकात काही आरोपींच्या वकिलांनी, जप्त केलेला माल दुसऱ्या जातीचा असू शकतो आणि वाळलेल्या चुऱ्यावरून ते सिद्ध करता येत नाही, असा बचाव घेतला. हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये तीन जातींचा पक्ष मांडला. कॅनडाचे अर्नेस्ट स्मॉल यांनी विरुद्ध बाजू घेतली, आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट यांच्यासोबत 1976 मध्ये एकच जाती, तिच्या दोन उपजाती आणि त्यांतही पिकाची व रानटी अशी दोन रूपे, अशी व्यवस्था सुचवली. न्यायालयांनी बहुतांशी, कायदेमंडळाला साऱ्याच भांगेवर बंदी अभिप्रेत होती असे मानून बचाव फेटाळला. गंमत अशी की स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी दोन उपजातींमधली सीमारेषा म्हणून, टीएचसी या मुख्य मादक द्रव्याचे वाळलेल्या कोवळ्या पानांतील 0.3 टक्के हे प्रमाण केवळ सोयीसाठी धरले होते, आणि तोच आकडा पुढे पानांऐवजी फुलांना लावून अनेक देशांच्या कायद्यांत जाऊन बसला. अमेरिकेच्या 2018 च्या कृषी कायद्यात तो आहे आणि युरोपीय संघाने 2023 पासून तोच स्वीकारला आहे.

रुडेरॅलिसबाबतचे मतभेद आज तीन दिशांना विखुरलेले आहेत. कार्ल हिलिग याने 2005 मध्ये 157 नमुन्यांतील विकरांचे पृथक्करण करून सॅटायव्हा आणि इंडिका हे दोन जनुकसाठे स्पष्टपणे वेगळे असल्याचे, आणि मध्य आशियातील रानटी झाडांचा तिसरा साठा असण्याची शक्यता असल्याचे, म्हटले. रॉबर्ट क्लार्क आणि मार्क मर्लिन यांनी 2013 च्या आपल्या बृहद्ग्रंथात रुडेरॅलिसकडे पिकाच्या भांगेचा संभाव्य पूर्वज म्हणून पाहिले. स्मॉल यांचे म्हणणे याच्या उलट असे की ज्यांना रानटी म्हटले जाते ती झाडे शेतातून निसटून पुन्हा रानवट झालेली, अर्थात पिकाची वंशज आहेत. 2021 मध्ये 110 नमुन्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचून केलेल्या अभ्यासात माणसाने भांग पहिल्यांदा पूर्व आशियात, सुमारे 12,000 वर्षांपूर्वी, जोपासली असावी आणि तिचे खरे रानटी पूर्वज बहुधा नामशेष झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. त्याने स्मॉल यांच्या पक्षाला बळ मिळाले असले, तरी व्होल्गा आणि कझाक स्टेपमधील झाडांचे पुरेसे नमुने तपासले जाईपर्यंत हा वाद मिटला असे म्हणता येणार नाही.

बियाण्यांच्या पाकिटांवर मात्र ‘रुडेरॅलिस’ हा शब्द निःशंकपणे छापलेला असतो. त्यातून वाचकाला वाटावे की स्वयंपुष्पी म्हणजेच रुडेरॅलिस. परंतु रानटी म्हणून गोळा केलेली प्रत्येक झुडूपवजा भांग दिनमान-निरपेक्ष नसते. काही झाडे केवळ मोठ्या दिवसातही लवकर फुलण्याची मुभा असलेली लघुदिन वनस्पतीच असतात. अमेरिकेच्या मध्य भागात रस्त्याकडेला उगवणारी, पूर्वी धाग्यासाठी लावलेल्या भांगेच्या पिकातून सुटलेली रानवट भांग दिसायला तशीच असली तरी ती दिनमानानुसारच फुलते. जातीचे नाव आणि फुलण्याचा गुण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पुढचा भाग समजणे सोपे जाते.

एक गुण, दोन वाटा

स्वयंपुष्पी आणि दिनमानावर चालणाऱ्या झाडांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे बहुतांशी दिनमानानुसारच फुलतात, फक्त काहीशी लवकर. आणि ती आपापसांत संकरित केली असता दुसऱ्या पिढीत साधारण चारांत एक झाड पुन्हा स्वयंपुष्पी निघते. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा हा हिशेब पैदासकारांना अनुभवाने फार पूर्वीपासून ठाऊक होता, आणि त्यावरून हा गुण एका अप्रभावी जनुकाचा, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून मिळाल्याशिवाय न दिसणाऱ्या जनुकाचा, असावा असा तर्क होता. 2022 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी पहिल्या गुणसूत्रावर त्याचे स्थान निश्चित केले आणि त्याला ‘ऑटोफ्लॉवर-1’ असे नाव दिले. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार येथील दोष झाडाच्या जैविक घड्याळाशी संबंधित एका जनुकात आहे. त्या जनुकाची प्रत नीट जोडली जात नाही, परिणामी दिवस मोठा आहे, थांबावे, हा निरोप पुढे पोहोचतच नाही.

याच सुमारास आयर्लंडमधील संशोधकांनी फिनोला या वाणाचा अभ्यास करून वेगळेच उत्तर दिले. फिनोलामध्ये दिनमान-निरपेक्षता दुसऱ्या जनुकस्थानाशी जोडलेली आढळली, आणि तेथे गुंतलेले जनुक फुलण्याचा संदेश पानांतून शेंड्याकडे नेणाऱ्या प्रथिनाच्या कुळातले होते. म्हणजे एकात थांबण्याची आज्ञा हरवली आहे, तर दुसऱ्यात निघण्याची आज्ञा वेळेआधीच सुटते. दोन्ही झाडे बाहेरून सारखीच वागतात, पण आत वाटा निराळ्या आहेत. हा गुण किमान दोनदा स्वतंत्रपणे उद्भवला असल्यास सर्व स्वयंपुष्पी वाणांचे मूळ एकाच सारातोव्हच्या उकिरड्यात शोधण्याची कथा टिकत नाही. मात्र बाजारातील शेकडो वाणांपैकी किती या वाटेचे आणि किती त्या वाटेचे, याची मोजणी अद्याप झालेली नाही.

फिनोलाचा इतिहास येथे थोडक्यात पाहण्याजोगा आहे. 1990 च्या दशकात फिनलंडमधील क्वोपिओ येथे, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलॉव संस्थेकडून मिळालेल्या उत्तरेकडील बियाण्यांतून, तेलबियांसाठी हे वाण निवडले गेले. क्वोपिओचा उन्हाळी दिवस जवळजवळ 20 तासांचा असतो. तेथे दिनमानावर विसंबणारी भांग फुलेपर्यंत बर्फ पडण्याची वेळ आलेली असते. मादक प्रकारांत हा गुण आणण्याचे प्रयत्न नेदरलँड्समध्ये 1980 च्या दशकात झाले, पण घरगुती लागवडीत स्वयंपुष्पी भांग खऱ्या अर्थाने पसरली ती 2000 नंतर, कॅनडातील एका टोपणनावी पैदासकाराच्या ‘लोराइडर’ या गुडघाभर उंचीच्या वाणामुळे. पहिली स्वयंपुष्पी वाणे दुर्बल आणि कमी उत्पन्नाची होती हे सर्वमान्य आहे. त्यानंतर झालेल्या पुनःसंकरणाने टीएचसीचे प्रमाण किती वाढले, यावर मात्र बियाणेविक्रेत्यांच्या दाव्यांपलीकडे स्वतंत्र मोजणी फार थोडी आहे.

नवशिक्याला सोपे, की नवशिक्याला अवघड?

उघड्यावर लागवड करणाऱ्या नवशिक्याच्या बाजूने दिली जाणारी कारणे परस्परांशी जोडलेली आहेत. दिनमान-निरपेक्ष झाड बी रुजल्यापासून साधारण 10 ते 12 आठवड्यांत कापणीला येते, त्यामुळे पेरणीची तारीख हिमपात आणि शरद ऋतूतील पाऊस टाळून ठरवता येते. उंची मर्यादित राहिल्याने ते गच्चीत, कुंपणाआड, मोठ्या कुंडीत मावते. रात्रीच्या रस्त्यावरील दिव्याचा उजेड लघुदिन झाडाच्या अंधाराच्या मोजणीत खंड पाडून त्याची फुले लांबवतो किंवा बिघडवतो, तो स्वयंपुष्पी झाडाला बाधत नाही. आणि ऋतू लांब असलेल्या दक्षिण युरोपात एकाच उन्हाळ्यात दोन पेरण्या साधतात. थोडक्यात, झाड केव्हा फुलवायचे हा निर्णयच लावणाऱ्याच्या हातून काढून घेतला जातो, आणि अननुभवी माणसाच्या चुका बहुधा निर्णयांतच होतात, असे या पक्षाचे म्हणणे आहे.

प्रतिपक्ष नेमका याच मुद्द्यावर बोट ठेवतो. फुलण्याचा निर्णय झाडाने आपल्याकडे घेतला, तर चूक दुरुस्त करायला लागणारा वेळही त्याने काढून घेतला. जूनमध्ये जास्त पाण्याने मुळे गुदमरली, खताने पाने करपली किंवा गोगलगायींनी शेंडा खाल्ला, तर लघुदिन झाड ऑगस्टपर्यंत सावरते, कारण तोवर ते वाढतच राहते. स्वयंपुष्पी झाड मात्र तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत, फुले काढायला लागते आणि तळहाताएवढे राहून पिकते. पुनर्लागवड टाळावी, बी थेट अंतिम कुंडीत पेरावे, हा स्वयंपुष्पी झाडांबाबतचा नेहमीचा सल्ला याच भीतीतून आलेला आहे. शिवाय अशा झाडाची कलमे करून उपयोग नाही, कारण फांदीचे वय झाडाच्या वयाइतकेच असते आणि ती रुजण्याआधीच फुलू लागते. दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. या शेवटच्या मुद्द्यात बियाणेविक्रेत्यांचा फायदा उघड आहे, आणि ‘नवशिक्यासाठी सर्वोत्तम’ ही शिफारस बहुतांशी त्यांच्याकडूनच येते, हे लक्षात घेतले तर तिच्याकडे थोड्या सावधपणे पाहणे वावगे ठरणार नाही.

दोन्ही पक्षांचे म्हणणे तर्काने सुसंगत आहे. त्यांच्यात निवाडा करू शकेल असा पुरावा अपुरा आहे. विद्यापीठांतील शेतचाचण्या प्रामुख्याने तेलबिया, धागा किंवा अमादक कॅनाबिडिऑलसाठी लावलेल्या वाणांवर, मोठ्या क्षेत्रात झाल्या आहेत, आणि नवशिक्याच्या तीन कुंड्यांना त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. शेंडा खुडून झाड पसरट करावे की नाही, पुनर्लागवडीने खरोखर किती नुकसान होते, यांवरील मते अनुभवजन्य आणि परस्परविरोधी आहेत. त्यातच वाणांच्या नावांवर भरवसा ठेवता येत नाही: 2015 मध्ये कॅनडात झालेल्या एका जनुकीय अभ्यासात, सॅटायव्हा किंवा इंडिका म्हणून विकल्या जाणाऱ्या झाडांचा त्या नावांशी असलेला संबंध मध्यमच असल्याचे, आणि एकाच नावाची झाडे कित्येकदा एकमेकांपासून दूरची असल्याचे, आढळले होते. एका पाकिटातील दोन बियांची झाडे वेगवेगळ्या उंचीची आणि वेगवेगळ्या वेळी पिकणारी निघाली, तर दोष हवेला द्यावा, मातीला द्यावा की पैदासकाराला, हे नवशिक्याला कळण्याचा मार्ग नाही.

एक प्रश्न दोन्ही पक्ष काहीसा बाजूला ठेवतात. भांगेचे झाड मातीतील कॅडमियमसारखे जड धातू मोठ्या प्रमाणात शोषून घेते; म्हणूनच दूषित जमीन स्वच्छ करण्यासाठी त्याचा वापर सुचवला गेला आहे. परवानाधारक उत्पादनाची प्रयोगशाळेत तपासणी होते, घरच्या कुंडीतील फुलांची होत नाही. त्यामुळे त्यांतील टीएचसीचे प्रमाण, बुरशी आणि धातू यांविषयी लावणारा अंधारातच असतो, मग झाड स्वयंपुष्पी असो वा नसो.

कायदा झाडे मोजतो

घरगुती लागवडीला परवानगी देणारे कायदे बहुधा झाडांची संख्या ठरवतात, कारण पोलिसाला ती मोजता येते. उरुग्वेने 2013 च्या कायद्याने सहा झाडे आणि वर्षाला 480 ग्रॅम अशी दुहेरी मर्यादा घातली. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून प्रत्येक घरामागे चार झाडांना परवानगी आहे, मात्र क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर घातलेली बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरवली. माल्टाने 2021 मध्ये आणि लक्झेंबर्गने 2023 मध्ये चार झाडांची मर्यादा स्वीकारली. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रत्येक प्रौढ व्यक्तीला एकावेळी तीन झाडे ठेवता येतात, मुलांच्या हाती ती लागणार नाहीत अशी व्यवस्था मात्र करावी लागते.

केवळ संख्या मोजणारा कायदा मोठ्या झाडाला बक्षीस देतो. चारच झाडे लावायची असतील तर माणूस साहजिकच डोक्याइतके वाढणारे लघुदिन झाड निवडेल. परंतु जर्मन कायदा घरात ठेवता येणाऱ्या वाळलेल्या मालावरही प्रौढ व्यक्तीमागे 50 ग्रॅमची मर्यादा घालतो, आणि उघड्यावर नीट वाढलेले एकच मोठे झाड शरद ऋतूतील एका कापणीत ती सहज ओलांडू शकते. कॅनडाच्या संघीय कायद्यात घरातील साठ्यावर अशी मर्यादा नाही. त्यामुळे एकच स्वयंपुष्पी झाड एका देशात कायद्याच्या चौकटीत नेमके बसणारे आणि दुसऱ्या देशात हाती आलेली संधी वाया घालवणारे ठरते. ‘एकावेळी’ या शब्दावरही मतभेद संभवतो, कारण लागोपाठ पेरलेली स्वयंपुष्पी झाडे एका हंगामात तीनांची सहा किंवा नऊ होऊ शकतात, आणि संख्येची मर्यादा त्यांना अडवत नाही. या कायद्यांमागचे प्रश्न, म्हणजे काळ्या बाजाराला आळा बसतो का आणि तरुणांतील वापर वाढतो का, या आढाव्याच्या कक्षेबाहेरचे आहेत.

दख्खनमधून पाहताना

महाराष्ट्रात हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही, आणि त्याचे पहिले कारण कायदा आहे. 1985 च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात गांजाची व्याख्या फुलोरा किंवा फळे आलेला शेंडा अशी केली आहे, आणि शेंड्यासोबत नसलेली पाने व बिया तीतून वगळल्या आहेत. भांगेला राज्यांच्या कायद्यांखाली जागा मिळाली ती या वगळण्यामुळे. परंतु लागवडीपुरता हा भेद उपयोगी पडत नाही, कारण अधिनियमात ‘कॅनाबिसचे झाड’ म्हणजे कॅनाबिस वंशातील कोणतेही झाड, अशी स्वतंत्र व्याख्या आहे. जाती एक की तीन, या अमेरिकन वादाला भारतीय कायद्याने असा पहिल्याच पानावर पूर्णविराम दिला. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि नवशिक्याच्या एका कुंडीसाठी त्यात वेगळी पायरी नाही. कापूस, तूर किंवा उसाच्या आड लावलेली झाडे पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत दरवर्षी येतात.

दुसरे कारण आकाशात आहे. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे 11 तासांचा असतो. ज्या 14 तासांच्या उंबरठ्याची बर्लिनमधील माणूस ऑगस्टपर्यंत वाट पाहतो, तो उंबरठा येथील दिनमान कधी ओलांडतच नाही. त्यामुळे युरोपीय लघुदिन वाण येथे रुजल्यापासून थोड्याच आठवड्यांत, पुरेसे वाढण्याआधी, फुलावर येईल, आणि त्याला जणू स्वयंपुष्पीपण आपोआप प्राप्त होईल. उष्ण कटिबंधातील जुन्या वाणांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. ती फार सावकाश फुलतात. एकोणिसाव्या शतकात बंगालमधील राजशाही जिल्ह्यातील नौगाव भागात परवान्याखाली होणाऱ्या गांजाच्या शेतीत पावसाळ्याच्या शेवटी लावणी होई, नर झाडे ओळखून उपटण्यासाठी पारखी माणूस बोलावला जाई आणि हिवाळा सरताना तोडणी होई. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1893 मध्ये या शेतीचे तपशीलवार वर्णन केले, आणि पुढच्या वर्षी भारतीय भांग-गांजा आयोगाने आपल्या विस्तृत अहवालात सरसकट बंदीच्या विरुद्ध मत दिले.

मराठीत शब्दांचाही एक गोंधळ आहे. इंग्रजी ‘हेम्प’ला शब्दकोश कधी ताग तर कधी अंबाडी म्हणतात; पण हिरवळीचे खत म्हणून शेतात गाडला जाणारा ताग हा शेंगवर्गीय, आणि भाजीची अंबाडी जास्वंदाच्या कुळातली. अंबाडीच्या शास्त्रीय नावातील ‘कॅनाबिनस’ हा शब्द तिची पाने भांगेसारखी दिसतात म्हणून आला, एवढाच तिचा भांगेशी संबंध.

भारतात स्वयंपुष्पी भांगेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहू शकतो तो हिमालयात. अधिनियमाच्या कलम 14 नुसार धागा आणि बियांसाठी सरकार लागवडीस परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने 2018 मध्ये टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर असा परवाना पहिल्यांदा दिला, आणि भांगेचे बी, तेल व पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून 2021 मध्ये मान्यता मिळाली. पण तेथील डोंगरातली भांग त्या मर्यादेत क्वचितच बसते, आणि मर्यादेत बसणारी युरोपीय वाणे 30 अंश अक्षांशाच्या लहान दिवसात लवकर फुलून ठेंगणी राहतात. फिनोलासारखे दिनमान-निरपेक्ष वाण तेथे निदान ठरलेल्या वेळी पिकेल, परंतु 20 तासांच्या प्रकाशावर निवडलेल्या झाडाला 13-14 तासांच्या उजेडात बी किती धरेल हा प्रश्न उरतो. शिवाय भांगेचे परागकण वाऱ्याने दूरवर जातात. आसपासच्या रानातील नर झाडांचे पराग शेतात पडले, तर पुढच्या वर्षीसाठी राखलेल्या बियाण्यातील टीएचसी आणि दिनमान-निरपेक्षता दोन्ही बिघडतात, आणि हा गुण अप्रभावी असल्याने बिघाड पेरणीनंतर दोन महिन्यांनी, शेजारचे झाड फुललेले असताना आपले अजून वाढतच आहे असे दिसल्यावरच, शेतकऱ्याच्या लक्षात येतो.